रोज स्वतःचा चेहरा काढण्यासाठी घेतलेलं ए५ स्केचबुक: ६४ पानं भरल्यावर

हे स्केचबुक घेतलं तेव्हा माझ्या चेहऱ्याची डावी बाजू हलत नव्हती. बेल्स पाल्सी. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी एक नस काम करेनाशी होते आणि एका बाजूची भुवई, पापणी, ओठांचा कोपरा, सगळं लुळं पडतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत ते सहा महिन्यांत बरं होतं. पण फरक इतका सावकाश पडतो की रोज आरशात बघणाऱ्याला तो जाणवतच नाही. मी आधी फोटो काढून पाहिले. फोटोत चेहरा दिसायचा, पण कालच्यापेक्षा आज नेमकं काय बदललं ते सांगता यायचं नाही. पेन्सिल घेऊन बसले, ओठाचा कोपरा बुबुळाच्या सरळ खाली येतो की आत, हे बघायला लागले, तेव्हा सांगता यायला लागलं. म्हणून रोज एक चेहरा, रोज अर्धा तास, आधी पेन्सिल मग जलरंग, आणि एकही पान सोडायचं नाही, असं ठरवलं.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या घडणीच्या वह्या बऱ्याच कंपन्या काढतात आणि लेबलवरून त्या सहज ओळखता येतात. ए५ आकार, कडक पुठ्ठा, दोऱ्याची शिवण, २०० जीएसएमचा (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन २०० ग्रॅम) मिक्स मीडिया कागद, म्हणजे पेन्सिल आणि रंग दोन्ही चालणारा, किंचित खरखरीत. कागद लाकडाच्या लगद्याचा, कापसाचा नाही. ६४ पानं.

आकारापासून सुरुवात करते, कारण मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. आरशाच्या काचेवर आपल्या डोक्याची जी बाह्यरेषा दिसते ती खऱ्या डोक्याच्या बरोबर निम्मी असते. जवळ उभे राहा नाहीतर लांब. आपण काचेच्या जितके पुढे, प्रतिबिंब तितकंच मागे, आणि काच मधोमध. मी उजवा डोळा मिटला (डावा मिटतच नव्हता) आणि साबणाच्या वडीच्या कडेने काचेवर डोक्याचा आकार फिरवला. टाळूपासून हनुवटीपर्यंत ११.३ सेंटिमीटर भरला. ए५ पान १४.८ बाय २१ सेंटिमीटरचं असतं. म्हणजे काचेवरचं माप लहानमोठं न करता जसंच्या तसं पानावर उतरतं, वर केसांना जागा राहते, खाली गळा आणि खांदे मावतात. पेन्सिल काचेला टेकवायची, अंगठ्याने अंतर धरायचं आणि तेच अंतर कागदावर ठेवायचं. पहिल्या पानावर माझी डावी भुवई उजवीपेक्षा ४ मिलिमीटर खाली आहे. खऱ्या चेहऱ्यावर ते ८ होतात. मोठ्या वहीत हे माप दर वेळी वाढवावं लागलं असतं, आणि वाढवताना मी नकळत दोन्ही बाजू सारख्या करून टाकल्या असत्या. चेहरा काढायला शिकताना डोळे डोक्याच्या निम्म्या उंचीवर आणि दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याएवढं अंतर असं शिकवतात. सुरुवातीला ते बरं आहे, पण आरशासमोर बसल्यावर आधी मोजा.

कागद पेन्सिल छान घेतो. एचबी आणि बी यांच्या पुढे जायची गरज पडली नाही. २एच वापरून पाहिली. तिच्यात चिकणमातीचं प्रमाण जास्त, म्हणून ती कडक, आणि या कागदात तिची चरी पडते. नंतर रंग त्या चरीत जाऊन बसतो आणि पापणीच्या कडेला नको तितकी काळी रेघ उमटते. ४बी उलट समोरच्या पानावर उठते. आणि पेन्सिलीवर एकदा रंगाचा थर देऊन तो वाळला की खालची रेघ जवळजवळ निघत नाही, रंगातला डिंक तिला धरून ठेवतो. जी मापाची रेघ शेवटी नको आहे ती पाणी लावण्याआधीच काढा.

पण कशाने काढता, याच्यावर सगळं आहे. या वहीबद्दल कुणी एकच गोष्ट विचारली तर मी हीच सांगेन. साध्या पांढऱ्या खोडरबरने जोरात घासलं तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. कागद पांढरा, गुळगुळीत, छान. पण रंग जिरू नये म्हणून कागदाला जी खळ दिलेली असते ती तिथे दुखावते. ब्रश फिरवला की तेवढ्याच जागी रंग आत ओढला जातो आणि आजूबाजूपेक्षा गडद, केसाळ कडांचा डाग पडतो.

एकोणिसाव्या पानावर मी यातच फसले. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जी घडी जाते ती माझ्या डाव्या गालावर उरलीच नव्हती, गाल इस्त्री केल्यासारखा सपाट झाला होता. त्या दिवशी पहिला फिका थर दिला आणि पाहते तर गालावर नेमकी त्या जागी एक तिरकी सावली उतरत होती. मी ब्रश खाली ठेवला. घडी परत आली, असं वाटून डोळे भरून आले. आरशाजवळ गेले, दिवा बाजूला घेतला, गालावर बोट फिरवलं. काही नव्हतं. दहा मिनिटांपूर्वी तिथे ओठाची चुकलेली रेघ मी खोडली होती, कागद तिथे रंग पीत होता.

त्यानंतर फक्त मळता येणारा मऊ खोडरबर वापरला, तोही न घासता, नुसता दाबून उचलायचा. आणि शक्यतो खोडायचंच नाही. जर्मन चित्रकार अल्ब्रेख्ट ड्यूररने १४८४ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, आरशात बघून स्वतःचं चित्र काढलं. ते चांदीच्या टोकदार तारेने काढलेलं आहे, आणि ती रेघ खोडता येत नाही. हे चित्र व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. मी ते छापील रूपातच पाहिलंय, पण त्या मुलाचा नाजूक हात डोळ्यांसमोर ठेवून पहिली बाह्यरेषा अगदी हलकी काढायची सवय लागली. चुकली तर तिच्याच शेजारी दुसरी.

आता पाणी. २०० जीएसएमला एक थर झेपतो, वाळवून दिलेला दुसराही झेपतो. तिसऱ्याला पृष्ठभाग सुटायला लागतो, ब्रशखाली बारीक लगदा गोळा होतो. ओल्यावर ओलं, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग, हा प्रकार या वहीत करू नका. पान लहरी घेतं, रंग खोलगट भागात जमतो आणि तिथेच गडद वाळतो, आणि चेहऱ्यात अशी चुकीच्या जागची सावली म्हणजे दुसराच माणूस. मी ब्रश आधी कापडावर टिपून घेते, पानाच्या दोन्ही बाजूंना क्लिपा लावते, आणि पूर्ण वाळल्यावर वही रात्रभर जड पुस्तकाखाली ठेवते. सकाळी पान सरळ असतं. ज्यांना भरपूर पाणी खेळवायचं आहे त्यांनी ३०० जीएसएमचा, जमल्यास कापसाचा कागद घ्यावा.

रंग मी तीनच ठेवले: बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा). माझा रंग सावळा. त्याला बर्न्ट सिएनाचा पातळ थर, कपाळावर आणि गळ्यावर जरा ऑकर, आणि सावलीत सिएनामध्येच थोडं अल्ट्रामरीन, एवढं पुरतं. कपाळावरचा आणि नाकाच्या शेंड्यावरचा उजेड म्हणजे कोरा कागद, तो आधीच सोडून ठेवायचा. अल्ट्रामरीनचे कण एकत्र येऊन कागदाच्या खळग्यांत बसतात, म्हणून सावली रवाळ दिसते. डोळ्यांखाली मला ते फार आवडलं, न झोपलेल्या रात्री तिथे खऱ्या दिसतात. ओठांवर मात्र ते खरबरीत वाटतं, तिथे अल्ट्रामरीन घालू नये.

शिवण उत्तम. ६४ पानांत एकही पान सुटलं नाही. वही पूर्ण सपाट मात्र प्रत्येक जुडीच्या (एकत्र दुमडून शिवलेल्या कागदांच्या गठ्ठ्याच्या) मधोमधच उघडते, म्हणजे चारच ठिकाणी. बाकी पानांवर मधल्या उंचवट्यापाशी हात अडतो, डाव्या पानावर काढताना जास्त. स्पायरलच्या वहीत हा त्रास नसतो. तरी मी शिवलेलीच घेईन, कारण स्पायरलमधून न आवडलेलं पान अलगद फाडता येतं. नवव्या पानावरचा चेहरा मला पाहवत नव्हता. तो फाडला असता तर दहाव्यात काय सुधारलं ते कळलंच नसतं.

तक्रारी आणखी दोन. पुठ्ठ्याच्या कापडाचा काळा रंग ओल्या बोटाला लागतो आणि तिथून पानावर येतो. मी सरळ कागदाचं कव्हर घातलं. आणि सत्तेचाळीस व अठ्ठेचाळीस या एकाच कागदाच्या दोन्ही बाजूंवर खोडरबर न लावताही ठिपके ठिपके होऊन रंग जिरला. खळ नीट बसली नसावी. एका वहीत एकच कागद असा निघाला, पण निघाला.

एक गोष्ट वहीची नाही, तरी सांगते. आरशात बघून काढलेल्या चित्रात आपली डावी बाजू कागदाच्याही डाव्या बाजूला येते. समोरून बघणाऱ्याला ती उजवी वाटते. फिजिओथेरपिस्ट ताईंना मी वही दाखवली तेव्हा त्या दोन पानं उलटून म्हणाल्या, ‘‘अहो, तुमची तर डावी बाजू होती ना?’’ तेव्हापासून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारखेशेजारी ‘आ’ लिहिते, आ म्हणजे आरसा.

घडी खरोखर परत आली ती एक्केचाळिसाव्या पानावर. पेन्सिलीत ती नाहीच, कारण तिला कडा नव्हती. रेघ मारली असती तर खोटी झाली असती. दुसऱ्या थरात, ब्रशच्या टोकाने, एका बाजूला रंग आणि दुसऱ्या बाजूला नुसतं पाणी, अशी ती आली. तिथे मी खोडलेलं नव्हतं, हे आधी तपासून घेतलं.

पाचातले चार गुण. तसंच दुसरं स्केचबुक आणलंय. पहिल्या पानावर बाह्यरेषा काढून झाली आहे, ११.३ सेंटिमीटर. भुवयांमधला फरक आता १ मिलिमीटर आहे.