थंडीचे बाइक ग्लोव्हज, चार महिन्यांनी: अस्तर सोडून सगळं छान

पहिल्या आठवड्यात पाच स्टार दिले होते, आता तीन. दोन्ही स्टार अस्तराने खाल्ले.

ऊब आणि पाण्याबाबत तक्रार नाही. ५ अंशात ताशी ८० ने गेलं की उघड्या कातडीला उणे ३ सारखं झोंबतं. अशा सकाळी तासभर चालवूनही बोटं ब्रेकवर नीट चालत होती. जुन्या पातळ ग्लोव्हजमध्ये वीस मिनिटांत बधिर व्हायची, लिव्हर दाबलाय की नुसता धरलाय तेही कळायचं नाही. डाव्या तर्जनीवर हेल्मेटची काच (व्हायझर) पुसायची रबरी पट्टी आहे, तीही झकास. (उजवा हात थ्रॉटलवर अडकलेला असतो.)

आता अस्तर. हात जरा दमट असला आणि ग्लोव्ह ओढून काढला, की आतलं अस्तर उलटं होऊन हाताबरोबरच बाहेर. मग पेट्रोल पंपावर पेनाच्या मागच्या टोकाने एकेक बोट आत ढकलत बसायचं. करंगळीचं तर परत बसतच नाही, टोकाला त्याचा बोळा होतो. एकदा मागच्याने हॉर्न मारला म्हणून तसाच निघालो. उजवं मधलं बोट अर्ध्यातच अडकलेलं, ब्रेकवर पोचेना. पन्नास मीटरवर बाजूला घेतली आणि पुन्हा पेन.

दुकानदार म्हणाला, "ओल्या हाताने काढता, म्हणून होतं." घाम काय मी हौसेने आणतो? सहा आठवडे भांडून जोड बदलून घेतला, वैतागून एक माप मोठा. नव्यातही तेच.

ताजी भर: कपाटात पडलेले पातळ रेशमी ग्लोव्हज आतून घातले आणि अस्तर जागचं हललं नाही! इतके दिवस सुचलं का नाही देव जाणे. पण हे जमलं ते मोठ्या मापामुळे. घट्ट झाले असते तर बोटांत रक्त खेळलं नसतं, आत हवेचा थरही उरला नसता, म्हणजे जाड ग्लोव्ह असून बोटं गारच.

मित्र म्हणतो, हँडलला विजेवर तापणाऱ्या गरम ग्रिप लाव. लावणार नाही. त्या तळहात शेकतात, वारा लागतो बोटांच्या पाठीला. त्यापेक्षा हँडगार्ड (हातांपुढे बसणाऱ्या ढाली) स्वस्तात पडले, आणि त्यांनी वारा खरंच अडवला.

चौथा स्टार द्यायचं मनात आहे, पण तो या ग्लोव्हजचा की रेशमी ग्लोव्हजचा हे ठरत नाही. तोवर तीनच.