कार्टूनचं डोकं: चेंडूपासून काढावं की वांग्यापासून?

डोकं काढायला बसलं की पहिली रेघ कसली, यावरून दोन तट आहेत. एक तट आधी गोळा काढतो, त्यावर उभी-आडवी फुली मारतो आणि खाली जबडा जोडतो. दुसरा थेट बाहेरचा आकार काढून मोकळा होतो. वांगं, पेरू, भुईमुगाची शेंग, वीट, जे सुचेल ते. नाक-डोळे नंतर. मी पहिला प्रकार वर्षभर नेटाने केला, दुसरा त्यानंतर. सोयीसाठी एकाला चेंडू म्हणू, दुसऱ्याला वांगं.

चेंडूचं घराणं मोठं. अमेरिकन चित्रकार अँड्र्यू लूमिस यांनी 1939 साली गोळ्यापासून चेहरा काढायचे धडे दिले, आणि आजही कुणी डोकं शिकवायला बसलं की बहुतेक वेळा तिथूनच सुरुवात होते. प्रमाणं सोपी आहेत. आडवी रेघ भुवयांची. भुवयांपासून नाकाच्या बुडापर्यंत जेवढं अंतर, तेवढंच पुढे हनुवटीपर्यंत. कान भुवई आणि नाकाचं बूड यांच्या मध्ये. एवढं हाताला बसलं की मोडतोड करायची. आडवी रेघ खाली आणली की कपाळ वाढतं आणि चेहरा लहान मुलाचा होतो. वर नेऊन जबडा वाढवला की पहिलवान उभा राहतो.

चेंडूचा खरा हिसका डोकं वळवताना कळतो. फुली गोलाईवरून सरकते, नाक तिच्या मागून जातं, पलीकडचा डोळा आपोआप अरुंद होतो. चार चौकटींची पट्टी काढायची असेल तर याला तोड नाही. वांग्यात माझे काका पहिल्या चौकटीत गलेलठ्ठ असायचे आणि तिसऱ्या चौकटीत काकूंकडे वळले की दुसरेच कुणी तरी व्हायचे. (चेंडूवालेही लबाडी करतात म्हणा. मिकी माऊस 1928 सालचा, सगळा गोळ्यांचाच; पण त्याने मान कुठेही वळवली तरी कान आपले गोलच्या गोल. खऱ्या चेंडूला असं डोकं मान्य होणार नाही.)

एवढं असून मी चेंडू सोडला, आणि कारण सांगायला थोडं ओशाळवाणं वाटतं. कारण आहे खोडरबर.

मी कागदावर काढतो. एचबी पेन्सिल, मग काळी शाई, मग पेन्सिल खोडायची. चेंडूच्या एका डोक्यात गोळा, फुली, कवटी चपटी दिसावी म्हणून गोळ्याच्या कापलेल्या बाजू, जबड्याच्या दोन रेघा, म्हणजे शाई लागायच्या आधीच सहा-सात रेघा होतात. त्यातली मधली उभी रेघ नेमकी नाकावरून, तोंडावरून जाते, जिथे शाई सगळ्यात दाट. खोडताना तिथलाच काळा रंग राखाडी होतो. घाई केली तर ओली शाई गालभर फासली जाते. हळू खोडलं तर कागदाला लव सुटते आणि पुढची रेघ तीत फुटते. मऊ रबर, पुट्टी रबर, जाड कार्ट्रिज पेपर, सगळं करून झालं. छपाईत उमटत नाही म्हणून न खोडता ठेवतात ती फिकी निळी पेन्सिलही वापरली. पण फोनने फोटो काढला की माझ्या नायकाच्या कपाळावर निळसर शीर उठायची.

यातून एक वाईट सवय लागली. खोडायला लागेल या धास्तीने मी गोळा फिका काढू लागलो. फिका म्हणजे चाचरत. आणि शाईची रेघ त्या चाचरत्या रेघेवरून गिरवायची, म्हणजे तीही मेलेली. एका संध्याकाळी शाई लावलेली बारा डोकी शेजारी ठेवली. बाराही सख्खे भाऊ. कवटी तीच, फक्त मिशा वेगळ्या.

दुसऱ्या दिवशी हट्टाने पेन्सिल बाजूला ठेवली आणि पेनानेच एक वांगं काढलं. वाकडं आलं, पण ते कुणी तरी होतं.

वांग्यात प्रमाण नसतं असं नाही, वेगळं असतं. ठरवायचं एकच: वजन वर की खाली. मी नाक आधी काढतो, डोळे त्याला अगदी चिकटवतो, आणि उरलेली जागा कपाळाला किंवा गालांना, कुणा एकालाच देतो. दोघांना सारखी वाटली की चेहरा पासपोर्टच्या फोटोसारखा होतो. कान शेवटी, उरलीच जागा तर. बाहेरची रेघ आधी आल्यामुळे एक फायदा होतो: डोकं आतून काळं भरलं तरी माणूस ओळखू येतो. आर. के. लक्ष्मण यांच्या 'कॉमन मॅन'चा पुतळा पुण्यात सिंबायोसिसच्या आवारात आहे. तो मागून बघा. चष्मा, नाक, मिशी काही दिसत नाही; टक्कल आणि बाजूचे दोन झुबके पुरतात. त्यांनी तो कुठल्या पद्धतीने काढला याबद्दल मी बोलत नाही. मला त्या बाह्यरेषेबद्दल म्हणायचंय.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वस्तुचित्रात आपण सगळ्यांनी तांब्या काढलाय. मधली उभी रेघ मारून दोन्ही बाजू सारख्या करायचा तो सराव चेंडूच्या कामी येतो. वांग्यासाठी तो विसरावा लागतो, आणि विसरायला मला तरी दोनेक महिने लागले.

तर ठरवायचं कसं? टॅब्लेटवर काढत असाल तर माझं रडगाणं तुम्हाला लागूच नाही. खालचा थर बंद केला की फुली गायब. ॲनिमेशनकडे किंवा लांबलचक चित्रकथेकडे जायचं असेल तरी चेंडूच घ्या, नाही तर पुढे परत येऊन शिकावा लागेल. पण कागद, पेन आणि एका चौकटीचं चित्र असा बेत असेल, सोसायटीच्या दिवाळी अंकापुरता का होईना, तर आधी महिनाभर वांगी काढून बघा असं सुचवेन. डोकं वळवायची वेळ आली की मी अजूनही गुपचूप एक गोळा काढतो, पण वेगळ्या कागदावर. आणि तो बघून वांगं वळवतो. चेंडूची माझी जुनी वही निम्मी कोरी आहे. तिची कोरी पानं आता त्यालाच जातात.