ओ'हारा की सटपेन, आधी कुणाचं घराणं वाचाल?

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जमीनदार घराण्यावरची एकच कादंबरी वाचायची असेल तर १९३६ सालीच आलेल्या दोन समोर ठेवा, मार्गारेट मिचेलची 'गॉन विथ द विंड' आणि विल्यम फॉकनरची 'अबसालोम, अबसालोम!'. दोन्हीकडे थाट खानदानी, पण मुळाशी गेलं की कळतं एकेका उपऱ्या माणसाने एकाच पिढीत हे सगळं उभं केलंय.

मिचेलचा जेराल्ड ओ'हारा २१व्या वर्षी आयर्लंडमधून पळाला, तिथल्या इंग्रज जमीनदाराच्या वसुली एजंटला मारून. जॉर्जियातल्या सव्हाना शहरात भावांच्या धंद्यात शिरला, मग पोकर खेळताना आधी पोर्क नावाचा गुलाम जिंकला, नंतर टारा या त्याच्या मळ्याची जमीन, आणि ४३व्या वर्षी १५ वर्षांच्या एलेनशी लग्न. हे तिसऱ्याच प्रकरणात सरळ येतं आणि वाचायला भारी आहे. मिचेलच्या आईचे आजोबाही आयरिश, टारा जिथे दाखवलाय त्याच क्लेटन काउंटीत त्यांची शेती होती. पण जिता माणूस पत्त्यात जिंकला जातो आणि पुस्तक ते मजेदार किस्सा म्हणून सांगतं, हे मला फार खटकतं.

फॉकनरचा थॉमस सटपेन डोंगरातल्या गरीब गोऱ्यांचा पोरगा, निरोप घेऊन एका बड्या घराच्या पुढच्या दाराशी गेला तर तिथल्या काळ्या नोकराने मागच्या दाराने ये म्हणून परत पाठवला, बस्स, तो अपमान त्याच्या डोक्यातून आयुष्यभर गेला नाही. हैतीत गेला, लग्न केलं, बायको-मुलाला टाकलं, १८३३ मध्ये मिसिसिपीत येऊन चिकसॉ या मूळनिवासी लोकांकडून १०० चौरस मैल जमीन मिळवली आणि गुलामांना राबवून हवेली बांधली. बायकोला का टाकलं ते मी सांगणार नाही, अख्खं पुस्तक त्यावर उभं आहे. सटपेनचं बालपण थेट सातव्या प्रकरणात, तेही त्याने क्वेंटिनच्या (ही कथा जुळवत सांगणाऱ्या तरुणाच्या) आजोबांना सांगितलेलं, तिथून क्वेंटिनच्या वडिलांकडे, मग क्वेंटिनकडे असं फिरत आलेलं. वाक्यं पान-पानभर लांब. शेवटी कालक्रम आणि वंशावळ आहे पण आधी उघडू नका, रहस्य तिथेच फुटतं.

माझं मत सटपेन, कारण गुलामी तिथे मागचा पडदा नाही, घराणं तिच्यामुळेच उभं राहतं आणि कोसळतं. पण अमेरिकन यादवी युद्धाची काहीच माहिती नसेल तर आधी मिचेल घ्या, हजारावर पानं असली तरी युद्ध आणि नंतरचे हाल क्रमाने येतात, मग फॉकनर बराच सोपा जातो.