रोमन आर्टिचोक: शिजवलेला की तळलेला?
रोमच्या बाजारात वसंतात रोमानेस्को जातीचे गोल, बिनकाट्यांचे आर्टिचोक येतात. मुळात ही भाजी म्हणजे फुलाची न उमललेली कळीच.

'अल्ला रोमाना' म्हणजे रोमन पद्धतीने करताना आत लसूण-पुदिना भरतात, देठ वर करून झाकणाखाली तेल-पाण्यात मऊ शिजवतात. चुकायला फारसं काही नाही. घरी हाच करावा.

'अल्ला जुदिया' म्हणजे ज्यू पद्धतीचा, रोमच्या ज्यू वस्तीतला. आधी मध्यम तेलात तळायचा, निथळून पाकळ्या हाताने उलगडायच्या, मग कडकडीत तेलात पुन्हा सोडायचा. बाहेरच्या पाकळ्या चिप्ससारख्या मोडतात, गाभा मऊच राहतो. माझं मत यालाच. पण गरमागरम हवा, गार झाला की तेलकट. तो हॉटेलातच मागवा, कढईभर तेल कोण काढणार?

दोन्हींनंतर पाणी गोड लागतं, ही आर्टिचोकमधल्या सायनारिन या घटकाची करामत.