ब्रेकचा दिवा विझवला, ब्रेक तसेच ठेवले

कन्नड घाट चाळीसगावच्या बाजूला उतरत असताना माझ्या पायाखालचं ब्रेकचं पेडल मऊ पडलं आणि पुढच्याच वळणावर थेट तळाला टेकलं. मागच्या सीटवर आई होती. छत्रपती संभाजीनगरला तिच्या डोळ्याचं ऑपरेशन करून आम्ही धुळ्याला परत येत होतो. शेजारी बायको. आणि या घटनेच्या बरोबर बावीस दिवस आधी मी याच गाडीच्या ब्रेकच्या कामाचे ४१,५०० रुपये मोजले होते.

पैसे गेल्याचं दुःख आहेच. पण हे लिहितोय ते पैशासाठी नाही. धुळे, जळगाव, नंदुरबार, कुठेही बघा, जुन्या स्कोडा आणि फोक्सवॅगन आता आपल्याकडे भरपूर दिसतात. पुण्या-मुंबईकडून वापरलेली गाडी स्वस्तात मिळते, मजबूत असते, हायवेला चिकटून चालते. कंपनीचं मोठं सर्व्हिस सेंटर गाठायचं तर दूर जा, दिवस मोडा. म्हणून आपण जवळचं कोणी शोधतो. मीही तेच केलं.

गाडी २०१२ ची स्कोडा लॉरा, डिझेल, साधे गियर. २०२१ मध्ये पुण्याहून घेतली. माझं कृषी सेवा केंद्र आहे, त्यामुळे शिरपूर, साक्री, दोंडाईचा अशी फिरती असते. मार्च महिन्यात एका सकाळी डॅशबोर्डवर ब्रेक पॅडचा, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला दाबून गाडी थांबवणाऱ्या पट्टीचा, पिवळा दिवा लागला. वेगात ब्रेक मारला की स्टिअरिंगही थरथरत होतं. धुळ्यात हायवेलगत एका गॅरेजवर मोठा बोर्ड होता, युरोपियन गाड्यांचे स्पेशालिस्ट. आत शिरलो.

मालक तिशीतला, बोलायला गोड. "काका, तुम्ही बसा, चहा घ्या." लॅपटॉप गाडीला जोडला, स्क्रीनवर लाल अक्षरांच्या ओळी दाखवल्या आणि म्हणाला, "बरं झालं लवकर आलात." पुढचे पॅड संपलेत, मागचेही संपलेत, पुढच्या दोन्ही डिस्क वाकल्यात, सेन्सर तुटलाय, ब्रेक ऑइल काळं झालंय. सामान ओरिजनल टाकायचं तर बाहेरून मागवावं लागेल, आठ दिवस लागतील. "या गाडीचं सामान आपल्याकडे कुठेच मिळत नाही काका, जर्मनीचा माल आहे. साध्या मिस्त्रीला हात लावू देऊ नका, एबीएस उडवून ठेवेल." एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, उडेल म्हटल्यावर माझी बोलतीच बंद झाली. वीस हजार रोख दिले, बाकीचे काम झाल्यावर फोनवरून पाठवले.

नवव्या दिवशी गाडी मिळाली. दिवा विझलेला. स्टिअरिंग शांत. चाकांच्या जाळीतून डिस्क चकचकीत दिसत होत्या. मी खूश. जुनं सामान मागितलं तर म्हणाला, "भंगारवाला घेऊन गेला ना काका." पावतीच्या जागी लिहायच्या पॅडवरचा एक कागद दिला, त्यावर ‘ब्रेक काम पूर्ण’ आणि खाली एकूण रक्कम. कोणत्या वस्तूचे किती, मजुरी किती, काही नाही. जीएसटी नंबर नाही. त्या क्षणी मी विचारायला हवं होतं. माझ्या दुकानातून कोणी शेतकरी बियाण्याची पिशवी पक्क्या बिलाशिवाय नेऊ लागला तर मीच त्याला थांबवतो, लॉट नंबर लिहून देतो.

आता घाटाकडे येतो. पहिल्या चार-पाच वळणांना ब्रेक नेहमीसारखा लागला. मग जळका, तिखट वास आला. मला वाटलं पुढच्या पिकअपचा असेल. मका भरलेली पिकअप होती, तिच्यामागे मी सारखा ब्रेकवर पाय ठेवून उतरत होतो. पेडल थोडं खोल गेलं. पुढच्या वेळी आणखी खोल. मग काहीच उरलं नाही, पाय जणू कापसाच्या गाठोड्यावर दाबत होतो. पेडलवर भराभर पाय मारला, तेव्हा थोडा जोर आला. गियर खाली टाकला, दुसऱ्यावर आणला, इंजिन ओरडलं. हँडब्रेक बटण दाबून हळूहळू ओढला. तो लिव्हर वरपर्यंत आला आणि कुठेही पकडला नाही. डोंगराच्या बाजूला रस्त्याच्या कामाची माती टाकलेली होती, त्या ढिगात डावं चाक घातलं आणि गाडी थांबली.

आईच्या डोळ्यावर पट्टी. तिला काही दिसत नव्हतं, फक्त धक्का जाणवला. ती म्हणाली, "काय व्हयनं रे भाऊ?" मला उत्तर देता येईना. हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते. बायकोनेच तिला सांगितलं, टायर बसला म्हणून.

टोइंगची गाडी यायला दीड तास लागला. गंमत म्हणजे तेवढ्या वेळात पेडल पुन्हा कडक झालं, जसं काही झालंच नव्हतं. हे का झालं ते मला चाळीसगावला कळलं.

तिथे एका ओळखीच्याने ज्यांच्याकडे पाठवलं ते मिस्त्री साठीच्या पुढचे. पत्र्याची शेड, बोर्डसुद्धा नाही. त्यांनी लॅपटॉप आणला नाही. जॅक लावला, पुढचं डावं चाक काढलं आणि आधी हातात बॅटरी घेऊन नुसते बघत बसले. मग मला बोलावलं. "भाऊ, हाई देखा."

पॅडच्या सेन्सरची वायर जिथे पॅडमध्ये जाते, तिथे पॅडमध्ये काही गेलेलंच नव्हतं. गाडीकडून येणाऱ्या दोन बारीक तारा सोलून एकमेकींत पिळल्या होत्या आणि वर काळी टेपपट्टी गुंडाळून जाळीच्या आड खोचलेल्या होत्या. मिस्त्रींनी टेप उलगडली, पीळ सोडवला, मला चावी फिरवायला सांगितली. दिवा लागला. पुन्हा तारा जोडल्या, चावी फिरवली. दिवा विझला. तीनदा करून दाखवलं.

त्यांनी समजावलं ते असं. या गाड्यांत पॅडच्या आत एक तार असते. पॅड झिजत झिजत त्या तारेपर्यंत आला की डिस्क ती तार घासून तोडते, सर्किट तुटतं आणि दिवा लागतो. बाहेरच तारा जोडून टाकल्या की सर्किट कायमचं पूर्ण. पॅड पत्र्यापर्यंत झिजला तरी दिवा लागणार नाही. म्हणजे मी घरी आलो तेव्हा जो दिवा विझलेला बघून खूश झालो, तो ब्रेक नीट झाल्यामुळे विझला नव्हता. सांगणाऱ्याचं तोंड बांधलं होतं.

मग डिस्क. बाहेरचा घुमटाचा भाग चंदेरी रंगात चमकत होता. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने खरवडलं तसे रंगाचे पोपडे निघाले आणि खाली जुना, फुगलेला गंज. गंज घासल्यावर कोरलेले आकडे दिसले, किमान जाडी २२ मिलिमीटर. माझ्या गाडीची पुढची डिस्क नवी असताना २५ मिलिमीटर असते. त्यांनी जाडी मोजायचा मायक्रोमीटर लावला, मला वाचायला सांगितलं. २०.८. उजवीकडची २०.६. म्हणजे माझ्याच जुन्या डिस्क लेथवर घालून घासल्या, थरथर गेली, वर स्प्रे मारला आणि नव्या म्हणून विकल्या. लेथवर घासणं हे काम मुळात खोटं नाही, जाडी शिल्लक असेल तर चालतं. पण २२ च्या खाली गेलेली डिस्क लोखंड कमी असल्यामुळे लवकर तापते, आणि ती उष्णता कॅलिपरमधून, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातून, तेलात जाते.

तेल म्हणजे आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते. टाकीत ते काढ्यासारखं तपकिरी होतं. हे तेल हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. डॉट ४ जातीचं नवं, कोरडं तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरलेलं तेल १५५ च्या आसपासही उकळू शकतं. घाटात सतत ब्रेक लावून ते उकळलं, वाफ झाली. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली गेलं. आणि थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा तेल, म्हणून पेडल कडक. गॅरेजमध्ये नेल्यावर ‘सगळं ठीक आहे’ म्हणून परत पाठवतील असा हा दोष आहे, आणि पुढच्या घाटात तो पुन्हा येतो.

मागचं चाक काढल्यावर हँडब्रेकचं कोडं सुटलं. या गाडीच्या मागच्या कॅलिपरचा पिस्टन आत घालताना दाबत दाबत फिरवायचा असतो, कारण हँडब्रेकची यंत्रणा त्याच्या आत असते. त्यासाठी वेगळं हत्यार मिळतं. ज्याने काम केलं त्याने सरळ शिकंजा लावून दाबला होता. रबरी टोपी फाटली, आतली यंत्रणा खराब झाली. बरं, एवढं करून मागचे पॅड तरी नवे? नवे होते, पण त्यांच्या पाठीवरचा नंबर ग्राइंडरने घासून काढलेला. चांगल्या कंपनीच्या पॅडच्या पाठीवर बनवणाऱ्याची खूण, पार्ट नंबर आणि बहुतेक वेळा गोलातलं ‘ई’ व शेजारी ‘९०आर’ असा मंजुरीचा क्रमांक असतो. तो मुद्दाम घासण्याचं कारण एकच असू शकतं.

आणि जर्मनीचा माल? मिस्त्री हसले नाहीत, पण मान हलवली. लॉरा, जेट्टा, त्या काळातली गोल्फ, या एकाच घराण्यातल्या गाड्या, कितीतरी पार्ट सारखे, पार्ट नंबरची सुरुवातसुद्धा ‘१के०’ अशी सारखीच. बॉश, एटीई, टीआरडब्ल्यू, ब्रेंबो, यांपैकी कोणाचे ना कोणाचे पॅड आपल्या देशात मिळतात. फक्त डिस्कचा आकार जुळवून घ्यावा लागतो, आणि त्याचा कोड डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यातल्या कागदी स्टिकरवर छापलेला असतो. त्यांनी फोन लावला, तिसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलने सामान आलं. पुढच्या दोन डिस्क, चारही चाकांचे पॅड, सेन्सर, मागचा एक कॅलिपर, नवं तेल, चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं, सगळं धरून २९,२०० रुपये, पक्क्या बिलासकट. प्रत्येक खोकं माझ्यासमोर फोडलं. जुनं सामान पोत्यात बांधून डिकीत ठेवलं आणि मी न मागता एका कागदावर मापं लिहून, तारीख टाकून सही करून दिली.

धुळ्याच्या गॅरेजमध्ये मी शांतपणे गेलो होतो. फोटो दाखवले. आधी म्हणाला, पोराने चूक केली असेल. मग म्हणाला, तुम्ही दुसरीकडे गाडी उघडलीत, आता माझी जबाबदारी नाही. शेवटी म्हणाला, पावती कुठे आहे? तेव्हा मला कळलं की तो कच्चा कागद त्याने विसरून दिला नव्हता.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांना हात जोडून सांगतो. काम सांगताना आधी माप विचारा. पॅड किती मिलिमीटर उरलाय, डिस्कची जाडी किती आणि तिच्यावर कोरलेली किमान किती, हे आकडे तुमच्यासमोर मोजायला लावा. पाच मिनिटांचं काम आहे, प्रामाणिक मिस्त्री नाही म्हणणार नाही. लॅपटॉपवरच्या लाल ओळींना घाबरू नका, लॅपटॉप डिस्कची जाडी मोजत नाही. नवं खोकं फुटताना तिथे उभे राहा, फोटो काढा. जुनं सामान तुमचं आहे, ते गाडीसोबत घरी आणा, मग भंगारात द्या. दिवा विझला म्हणून निघू नका, डाव्या चाकातली ती बारीक वायर पॅडमध्ये जाते का ते वाकून बघा. तेल बदललं म्हणतात तर टाकीत डोकवा, नवं तेल फिकट पिवळसर असतं. आणि हँडब्रेक चढावर ओढून बघा, तिथल्या तिथे. रोख देणं शक्यतो टाळा. माझ्याकडे आज पुरावा म्हणून जे आहे त्यात सर्वांत भक्कम म्हणजे फोनवरून पाठवलेल्या २१,५०० रुपयांची नोंद. रोख दिलेल्या वीस हजारांबद्दल तो सरळ नाही म्हणतो.

मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. गॅरेजवाल्याने दाद दिली नाही. मग वकिलामार्फत नोटीस आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि माझ्यासारख्या पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला आयोगाची फी लागत नाही. हे मला माहीत नव्हतं, म्हणून पहिला महिना मी नुसताच चिडून घालवला.

आईची पट्टी निघाली, तिला आता नीट दिसतं. घाटात टायर बसला नव्हता हे तिला अजून सांगितलेलं नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत, खतांच्या गोण्यांशेजारी, ते पोतं बांधलेलं आहे. त्यात दोन डिस्क, घासलेल्या पाठीचे पॅड आणि टेप गुंडाळलेला वायरचा तुकडा, वेगळ्या पाकिटात. पुढच्या तारखेला ते घेऊन जायचं आहे. चाळीसगावच्या मिस्त्रींनी साक्षीला येतो म्हणून सांगितलंय.