ताडोबाची सफारी: मोहर्ली गेट, उन्हाळ्यातली सकाळची फेरी

एका जिप्सीत सहा पर्यटक, सोबत चालक आणि गाइड. ओळखपत्र मूळच लागतं, झेरॉक्स चालत नाही. मंगळवारी सफारी बंद. पावसाळ्यात कोअर (जंगलाचा आतला गाभा) बंद, बफर (त्याच्या भोवतीचा पट्टा) चालू. एप्रिल-मेमध्ये पाणवठ्याशी इंजिन बंद करून शांत थांबणारा गाइड मिळाला तर पैसे वसूल. चितळ-वानरांचे अलार्म कॉल, म्हणजे वाघाची चाहूल लागताच दिलेले इशाऱ्याचे आवाज, ओळखणं हेच त्याचं खरं कसब.

उणीव मोठी आहे: वाघ दिसला की गाड्यांची कोंडी होते, त्याची वाटच अडते. शिवाय कोअरबाहेरच्या वाघाबद्दल गाइड फारसं बोलत नाहीत. वयात आलेला नर स्वतःची हद्द शोधत शेतांकडे निघतो आणि रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेल्या विजेच्या तारेला चिकटून कधीकधी मरतो. चंद्रपूरच्या जंगलात आलेल्या माणसाला हे कळायलाच हवं.