सीए इंटरसाठी इन्स्टिट्यूटचं स्वतःचं मटेरियल: रत्नागिरीत राहून वापरलं त्याचा रिव्ह्यू

सीए इंटरचा अभ्यास घरी राहून करायचा म्हटलं की आमच्याकडे पहिला सल्ला मिळतो तो पुण्याला जा, नाहीतर मुंबईला काकांकडे राहा आणि क्लास लाव. ज्यांना जमतं त्यांनी जरूर जावं. पण ज्यांना रत्नागिरीत, राजापुरात, देवगडात राहूनच करायचंय त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू, आणि तो कुठल्या क्लासचा नाही तर आयसीएआयच्या, म्हणजे सीएची परीक्षा घेणाऱ्या इन्स्टिट्यूटच्या, बोर्ड ऑफ स्टडीजच्या मटेरियलचा. म्हणजे स्टडी मटेरियलची मॉड्यूल्स (पुस्तकं), आरटीपी (रिव्हिजन टेस्ट पेपर), एमटीपी (मॉक टेस्ट पेपर) आणि सजेस्टेड आन्सर्स (इन्स्टिट्यूटचीच नमुना उत्तरं). साईटवर सगळ्याच्या पीडीएफ फुकट आहेत आणि तरी निम्मी मुलं ती शेवटच्या महिन्यात उघडतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नवीन स्कीम १ जुलै २०२३ पासून आली आणि इंटरची त्यातली पहिली परीक्षा मे २०२४ मध्ये झाली. आता दोन ग्रुप, प्रत्येकी तीन पेपर, प्रत्येक पेपरला किमान ४० आणि ग्रुपच्या टोटलला ५० टक्के. प्रत्येक पेपरात ३० मार्कांचे एमसीक्यू आणि ७० मार्कांचं लिखाण. अटेम्प्ट वर्षातून तीन, जानेवारी, मे आणि सप्टेंबर.

आता मॉड्यूल्स. जाड आहेत, पहिल्यांदा बघितली की छातीत धस्स होतं. पण आतली मांडणी बघा, आधी कन्सेप्ट, मग लगेच इलस्ट्रेशन म्हणजे सोडवलेलं उदाहरण, आणि चॅप्टरच्या शेवटी टेस्ट युअर नॉलेज म्हणजे सरावाचे प्रश्न. माझं मत असं की अकाउंट्स आणि कॉस्टिंगला हा शेवटचा भाग म्हणजेच खरं पुस्तक आहे. इलस्ट्रेशन वाचायचं नाही, उत्तर वहीने झाकायचं आणि कोऱ्या कागदावर सोडवायचं, अडलं तर अडलेल्या ओळीपर्यंतच उत्तर उघडायचं आणि परत झाकायचं. वाचून सगळं कळल्यासारखं वाटतं, पण कॅल्क्युलेटर घेऊन बसलं की तिसऱ्या ओळीला हात थांबतो, आणि तिथेच कळतं की काय येत नाहीये.

एक उदाहरण देते, आपल्याकडचंच. आमरसाच्या कॅनिंगचा कारखाना धरा. प्रोसेसला १००० किलो रस टाकला, एकूण खर्च ९५,००० रुपये, गाळताना-आटवताना ५ टक्के घट धरलेलीच असते म्हणजे ५० किलो नॉर्मल लॉस, त्याची किंमत काही येत नाही. पण मध्येच लाईट गेली आणि हातात चांगला माल आला ९०० किलोच. मग भाग कशाने द्यायचा? ९०० ने नाही आणि १००० ने पण नाही, ९५० ने द्यायचा, म्हणजे किलोला १०० रुपये. उरलेले ५० किलो अॅबनॉर्मल लॉस, त्याचे ५,००० कॉस्टिंग पी अँड एल ला (नफा-तोटा खात्याला) जाणार आणि ९०,००० चांगल्या मालावर राहणार. हे एकदा स्वतःच्या पेनाने केलं की प्रोसेस कॉस्टिंग डोक्यात बसतं, कारण नेहमीची घट चांगल्या मालाने सोसायची आणि अचानक झालेलं नुकसान मालाच्या किमतीत शिरू द्यायचं नाही हे कळलेलं असतं, मग आकडे कितीही फिरवून दिले तरी फरक पडत नाही. एएस २ मध्ये (स्टॉकची किंमत कशी धरायची ते सांगणारं अकाउंटिंग स्टँडर्ड) स्टॉकच्या किमतीतून अॅबनॉर्मल वेस्टेज बाहेर ठेवतात त्यामागे पण हेच डोकं आहे, म्हणजे कॉस्टिंगचा अभ्यास अकाउंट्सला पण कामाला येतो.

लॉच्या बाबतीत मॉड्यूलपेक्षा सजेस्टेड आन्सर्स जास्त शिकवतात असं मी ठामपणे सांगेन. उत्तराची घडण बघा, आधी तरतूद, मग प्रश्नातली हकीकत त्या तरतुदीला लावायची, मग निष्कर्ष, तीन वेगळे पॅरे. समजा प्रश्न आला की कंपनीने १० जानेवारीला बोर्ड मीटिंग घेतली आणि पुढची २० मे ला, चालेल का? कंपनीज अॅक्टचं कलम १७३ म्हणतं वर्षात किमान चार मीटिंग आणि दोन मीटिंगमध्ये १२० दिवसांपेक्षा जास्त गॅप नको, इथे १३० दिवस होतात, म्हणजे चालणार नाही. आता त्याच प्रश्नात कंपनी 'स्मॉल कंपनी' आहे असा एक शब्द टाकला की उत्तर उलटं होतं, कारण तिला कॅलेंडर वर्षाच्या प्रत्येक सहामाहीत एक मीटिंग पुरते, फक्त दोन्हींमध्ये किमान ९० दिवस हवेत. हे पाठांतराने होत नाही, प्रश्न पेन्सिलने वाचायची सवय लागते. मी माझ्या लांज्याच्या मावसबहिणीला हेच सांगते की बाय, आधी प्रश्नातल्या तारखा आणि कंपनीचा प्रकार गोल कर, उत्तराला हात नंतर लाव.

आरटीपीबद्दल लोकांचा गैरसमज आहे की ते फक्त जास्तीच्या सरावासाठी. तसं नाहीये, त्या अटेम्प्टला कुठल्या दुरुस्त्या लागू आहेत ते त्यात असतं, आणि टॅक्सला तर ते जीव की प्राण. आयकराचा नवीन कायदा २०२५ चा, १ एप्रिल २०२६ पासून लागू, म्हणजे दादाच्या जुन्या टॅक्सच्या नोट्स घेऊन बसणाऱ्यांनी जरा थांबा, तुमच्या अटेम्प्टला काय लागू आहे ते आधी इन्स्टिट्यूटच्या घोषणेत आणि आरटीपीत बघा आणि मगच पुस्तकाला हात लावा. सेकंड हँड पुस्तकं अकाउंट्स, कॉस्टिंगला एक वेळ चालतील, टॅक्सला अजिबात नाही.

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र एमटीपी. प्रत्येक अटेम्प्टच्या आधी ते दोन सिरीज काढतात, पेपर साईटवर येतो, उत्तरं दोनेक दिवसांत येतात. यासाठी पैसे भरून बाहेरची टेस्ट सिरीज लावायची गरज आहे का, असं मला विचारतात. मी एक लावली होती, नाव सांगत नाही, पेपर तपासून यायला इतका उशीर व्हायचा की तोवर तो चॅप्टर मागे पडलेला आणि वहीवर शेरा एकच, प्रेझेंटेशन सुधारा. काय सुधारा ते कुठे लिहिलेलं नाही. त्यापेक्षा सजेस्टेड आन्सर शेजारी ठेवून स्वतः तपासलेलं बरं, स्टेपला मार्क असतात, वर्किंग नोट कुठे लिहिली, फॉरमॅट आला का, सगळं ताडून बघता येतं. अर्थात एखादा शिकवणारा तुमची वही नीट बघत असेल तर त्याला सोडू नका.

आणि एमटीपी सोडवायचा तो दुपारी दोन ते पाचच. खरी परीक्षा त्याच वेळेला असते, पावणेदोनला पेपर हातात येतो, पंधरा मिनिटं नुसती वाचायला. आपल्याकडे दुपारी आमटी-भात, त्यात मासे असले तर विचारू नका, अंग पसरावंसं वाटतं, एप्रिल-मे मध्ये दमट हवेने हात चिकट होऊन कागदाला लागतो. पहाटे पाचला उठून अभ्यास करणारी मुलं हुशार असतात पण दोन वाजता त्यांचं डोकं चालतंय का हे त्यांनी कधी तपासलेलंच नसतं. म्हणून शेवटच्या महिन्यात दुपारचं जेवण साडेबारालाच आणि हलकं, दोन वाजता दार बंद, मोबाईल आईकडे. घरच्यांना पण सांगून ठेवायचं की दोन ते पाच कोणी हाक मारायची नाही, पाव्हणे आले तरी. आमच्या आईने हे इतकं मनावर घेतलं होतं की शेजारच्या काकूंना पण माहीत होतं.

कमी काय वाटलं ते पण सांगते. स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंटची इंग्रजी भाषा मराठी मीडियमच्या पोरांना जड जाते, तिथे प्रत्येक मुद्द्याला आपल्या बाजारातलं एक दुकान डोळ्यासमोर आणून समजून घ्यावं लागतं. ऑडिटची उत्तरं इतकी लांबलचक आहेत की परीक्षेत तेवढं लिहिणं शक्यच नाही, त्यामुळे कीवर्ड काढून स्वतःचं चार ओळींचं उत्तर तयार करण्याला पर्याय नाही, एसए चे (स्टँडर्ड्स ऑन ऑडिटिंगचे) नंबर त्यात घालायचे पण खात्री असेल तरच. आणि अकाउंट्सचा पायाच कच्चा असेल, म्हणजे डेबिट-क्रेडिटला अजून अडखळत असाल, तर नुसत्या मॉड्यूलवर भागणार नाही. त्यासाठी बोर्ड ऑफ स्टडीजचे ऑनलाईन क्लासेस आहेत, ते पण फुकट, फक्त ते सिरीयलसारखे बघायचे नाहीत, व्हिडिओ थांबवून पुढची एन्ट्री आधी स्वतः लिहायची.

जून लागला की आपल्याकडे लाईट आणि रेंज दोन्हीचा भरवसा नाही, तेव्हा सप्टेंबरला बसणाऱ्यांनी मे संपायच्या आत सगळ्या पीडीएफ उतरवून घ्या, नुसत्या मोबाईलमध्ये ठेवू नका. मॉड्यूल्सची छापील कॉपी इन्स्टिट्यूटकडूनच मागवा, झेरॉक्सपेक्षा ती बरी पडते. झेरॉक्स काढायची ती मागच्या अटेम्प्टचे पेपर आणि सजेस्टेड आन्सर्सची, दोन्ही बाजूंनी, आणि प्रश्न-उत्तरं वेगवेगळी बाइंड करून घ्या, एकत्र असली की नजर जातेच. आरटीपी नंतर येतो, त्याची प्रिंट आली की लगेच काढा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवा, आपल्या हवेत कागद लगेच सादळतो.

मटेरियलला माझ्याकडून ५ पैकी साडेचार, अर्धा कापला तो ऑडिटच्या उत्तरांच्या लांबीसाठी. एका ग्रुपला बसायचं की दोन्हीला असं कोणी विचारणार असेल तर आधी दोन्ही ग्रुपचा एकेक एमटीपी घड्याळ लावून सोडवा आणि मार्क घेऊन या, मग बोलू. दोन्हीला एकत्र बसलं तर सहाशेत तीनशे झाले तरी चालतात, म्हणजे एका ग्रुपचे जास्तीचे मार्क दुसऱ्याला उपयोगी पडतात, पण प्रत्येक पेपरात ४० लागतातच. आणि एखाद्या पेपरात ६० पडले तर ग्रुप राहिला तरी त्या पेपरला एक्झेम्प्शन मिळतं, म्हणजे पुढच्या वेळी तो परत द्यावा लागत नाही, म्हणून जो विषय चांगला येतोय त्याला शेवटच्या आठवड्यात वाऱ्यावर सोडू नका.